झाकले जाणारे काम: विमानाची प्रतिकृती आणि अदृष्टाचा प्रश्न

१:३२ या प्रमाणात बांधलेली मिग-२१ विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृती नाकावरच्या लांब नळीसह जवळपास अर्धा मीटर भरते. पंखांचा विस्तार मात्र बावीस सेंटिमीटरच्या आसपासच राहतो, कारण मूळ विमान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत जेमतेम ७.१५ मीटर होते. एवढ्या मोठ्या किटमध्ये सुट्या भागांची संख्या शेकड्यांत जाते आणि त्यांतले बरेच भाग जोडणी पुरी झाल्यावर दिसेनासे होतात. धडाचे दोन अर्धे चिकटवले की इंजिन आत जाते. आसन बसवले की त्यामागची भिंत झाकली जाते. चाकांच्या कप्प्यांतल्या तारा आणि नळ्या पाहायच्या तर विमान उलटे करावे लागते. तरीही मन लावून काम करणारा माणूस हे सगळे भाग घासतो, रंगवतो, त्यांत तांब्याच्या बारीक तारा ओढतो आणि मग स्वतःच्या हाताने ते कायमचे बंद करतो. ज्या कर्माचे फळ कुणाच्याच नजरेला पडणार नाही त्याला मोल असते का, आणि असेल तर ते कशामुळे, हा प्रश्न इथे छंदाच्या टेबलावर येऊन पडतो. भारतीय तत्त्वविचारात तो फार जुना आहे.

काम कसे चालते ते आधी पाहायला हवे, कारण प्रश्नाची धार तपशिलातच आहे. पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरिन दाबाने भरून हे भाग काढतात. लंडनमध्ये १९३९ साली सुरू झालेल्या एअरफिक्स या कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायर विमानाचे छोटे किट काढले आणि हा छंद सामान्य घरांत पोचला. १९७० मध्ये त्याच कंपनीने १:२४ प्रमाणातले स्पिटफायर आणले. प्रमाण वाढले तशी तपशिलाची अपेक्षाही वाढली. जपानच्या तामिया कंपनीच्या २००९ सालच्या १:३२ स्पिटफायरमध्ये पूर्ण इंजिन आहे आणि त्यावरची झाकणे छोट्या लोहचुंबकांनी काढता-घालता येतात. म्हणजे आतले काम दाखवण्याची सोय तिथे किट बनवणाऱ्यानेच करून ठेवली. सगळ्याच किटमध्ये ती नसते.

मिग-२१च्या कॉकपिटला सोव्हिएत पद्धतीचा हिरवट-निळा रंग असतो. समोरच्या फलकाच्या मध्यावरून एक पांढरी उभी रेघ खाली उतरते. विमान गिरकीत सापडले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले, तर नियंत्रणाचा दांडा या रेघेच्या रोखाने पुढे ढकलायचा, म्हणजे तो बरोबर मध्यावर येतो. रेघ त्यासाठी आहे. प्रतिकृतीत ती केसाएवढी बारीक होते. ती काढायची तर फलकाला आधी पांढरा रंग द्यायचा, मास्किंग टेपची अगदी चिंचोळी पट्टी कापून मध्यावर चिकटवायची, वरून फलकाचा रंग मारायचा आणि तो पुरता वाळण्याआधी चिमट्याने टेप उचलायची. टेप जरा तिरकी बसली तर सगळे खरवडून पुन्हा पहिल्यापासून. एवढे करून कॅनोपी बंद ठेवली, तर काचेतून रेघेचा नुसता भास होतो. शिवाय या विमानात गिरकीत सापडणारा वैमानिकच नाही. त्या रेघेने कधी कुणाचा जीव वाचणार नाही.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत हे काम दोन-तीन खोल्यांच्या घरांतच होते. लोकलने घरी येऊन जेवणे आटोपली की जेवणाच्याच टेबलावर कटिंग मॅट पसरायची, काम झाले की सगळे आवरून पलंगाखालच्या खोक्यात ठेवायचे. एअरब्रशने मारलेला लॅकर रंग पावसाळ्यात दगा देतो. हवेतली ओल त्यावर बसते आणि पृष्ठभाग पांढुरका पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर हे महिने घासण्याचे, जोडण्याचे आणि हाताने रंगवायच्या आतल्या भागांचे. झाकल्या जाणाऱ्या कामाला असा ऋतूही मिळालेला आहे. मिग-२१ हे विमान तर या पट्ट्याला परके नाही. कल्याणहून कसारा घाट चढून गेले की नाशिक, आणि त्यापलीकडच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमाने बांधली गेली. १९६३ मध्ये हवाई दलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले.

प्रश्नाची सर्वांत काटेकोर मांडणी पूर्वमीमांसेत, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, सापडते. जैमिनीची सूत्रे, त्यांवरचे शबराचे भाष्य आणि पुढे कुमारिलाने केलेला विस्तार यांत कर्मांची एक वाटणी आहे: ज्यांचे प्रयोजन डोळ्यांना दिसते ती दृष्टार्थ आणि ज्यांचे दिसत नाही ती अदृष्टार्थ. यज्ञासाठी भात कांडायला सांगितले आहे. कांडल्याने तूस निघते, हे प्रयोजन उघड दिसते. पण तूस नखांनी सोलूनही निघते. मग कांडूनच काढावे असा नियम का? मीमांसकाचे उत्तर असे की कांडण्याचे फळ दृष्टच आहे, मात्र त्याच रीतीने करण्याच्या नियमातून एक न दिसणारे फळही उत्पन्न होते आणि ते मुख्य कर्माला पूर्णत्व देते. याच्या जोडीला मीमांसकांनी एक शिस्त घालून दिली आहे. जिथे दिसणारे प्रयोजन सापडते तिथे न दिसणाऱ्याची कल्पना करायची नाही. अदृष्टाचा आधार घ्यायचा तो दुसरा मार्ग उरला नाही तरच.

ही शिस्त प्रतिकृतीला लावली तर झाकलेले काम एकसारखे नाही हे ध्यानात येते. तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या विमानाच्या नाकात शिशाच्या गोळ्या किंवा लोखंडी नट भरावे लागतात, नाहीतर तयार प्रतिकृती शेपटीवर बसते. हे वजन कुणाला दिसत नाही, पण त्याचा परिणाम सगळ्यांना दिसतो. धडाच्या आतल्या आडव्या भिंतींमुळे पंख दोन्ही बाजूंना सारख्या कोनात बसतात. पृष्ठभागावरच्या रंगाखालचा प्रायमर आणि सांध्यांतली पुट्टीही याच जातीची. ही सगळी कर्मे झाकलेली असली तरी दृष्टार्थ आहेत आणि त्यांच्याबद्दल तात्त्विक अडचण उरत नाही. अडचण उरते ती इंजिनाच्या मागच्या बाजूला रंगवलेल्या नळ्यांची आणि कॉकपिटमधल्या त्या रेघेची. त्यांनी प्रतिकृती सरळ उभी राहत नाही आणि बाहेरून जास्त देखणीही होत नाही.

एक उत्तर पाहणाऱ्याला मध्यभागी ठेवते. सांख्यांच्या मते प्रकृतीची सारी हालचाल पुरुषासाठी, म्हणजे पाहणाऱ्यासाठी आहे. ईश्वरकृष्णाने प्रकृतीला नर्तकी म्हटले आहे. प्रेक्षकांपुढे नृत्य दाखवून झाले की ती थांबते. या विचाराने पाहिले तर ज्या कामाला पाहणारा नाही ते काम अपुरे, किंवा मग करणारा स्वतःच त्याचा पाहणारा. दुसरी बाजू खरी आहे, पण ती पुरत नाही. करणाऱ्याने काम एकदा पाहिले आणि झाकले. त्याच्या पाहण्यापुरतेच मोल असते तर झाकल्याक्षणी ते संपायला हवे होते.

श्रद्धावान माणसाचे उत्तर याहून सोपे वाटते: कुणी पाहत नसले तरी देव पाहतो. महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने हा विचार कारागिराच्या हातापर्यंत आणला. सावता माळी मळ्यात आणि गोरा कुंभार मातीत विठ्ठल पाहत राहिले. नरहरी सोनाराची कथा इथे विशेष कामाची आहे. विठ्ठलाच्या करगोट्याचे माप पुन्हा पुन्हा चुकले, तेव्हा विठ्ठल न पाहण्याचे व्रत असलेल्या या शिवभक्ताने डोळे बांधून हातांनी माप घेतले आणि हाताला शिवच लागला. कथेचा रोख हरिहर-ऐक्याकडे आहे. पण कारागिरीच्या अंगाने तीत आणखी एक गोष्ट येते: माप नजरेवर अवलंबून नव्हते, ते ज्याचे घ्यायचे त्याच्याकडून यायचे होते. ‘देव पाहतो’ हे उत्तर एवढ्या खोलवर नेले नाही तर ते सांख्यांच्या प्रेक्षकाचीच जागा देवाला देऊन थांबते. काम अजूनही प्रेक्षकासाठीच राहते, फक्त प्रेक्षक मोठा.

याच परिसरातली दोन जुनी कामे समोर ठेवली तर विचार पुढे सरकतो. अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनी नदीकाठी उभे आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, आणि शिलाहार राजा मांवाणीचे नाव येते. मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखरावर ओळीने छोटी छोटी शिखरे कोरतात. थोडक्यात, मोठ्या शिखराच्या अंगावर त्याच्याच प्रतिकृती असतात. खाली उभ्या असलेल्या भाविकाला वरच्या लघुशिखरांचे बारकावे दिसत नाहीत, आणि त्याला तर पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचे असते. तरी वरच्या कोरीव कामाला प्रमाणाचा नियम खालच्याइतकाच लागू होता. दुसरे काम कान्हेरीचे. साष्टी बेटावरच्या या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. त्यांत एका सोनाराने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचाही उल्लेख आहे. टाके खडकात खोदलेले आणि त्याच्या आतल्या भिंती पाण्याखाली. दात्याचे नाव दगडावर राहिले, भिंती तासणाऱ्या पाथरवटाचे राहिले नाही. पण टाके गळू द्यायचे नसेल तर भिंत नीट तासणे भागच होते. पाथरवटाचे काम दाताही पुरते पाहत नव्हता. त्या कामाची परीक्षा पाणी घेत होते.

मात्र प्रत्येक झाकलेल्या बाजूवर कष्ट घ्यायलाच हवेत असा नियम यातून निघत नाही. गणेशोत्सवातल्या मखराची मागची बाजू कच्ची असते, तिथे लाकडी पट्ट्या, खिळे आणि पुठ्ठ्याचे सांधे उघडे राहतात. दिवाळीत डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या आवारांत मुले जे किल्ले करतात त्यांच्या मातीखाली विटा आणि गोणपाट असते. त्यात अप्रामाणिक काही नाही, कारण मखर सजावट आहे आणि सजावटीचा दावा समोरच्या बाजूपुरताच असतो. किल्ल्याचा दावा बुरुज, दरवाजे, मावळे यांच्यापुरता. प्रमाणबद्ध प्रतिकृतीचा दावा वेगळा आहे. ‘१:३२’ हा आकडा खोक्यावर छापला की मूळ वस्तूचे प्रत्येक माप बत्तीसाने भागून इथे आले आहे असे सांगितले जाते. कोणती बाजू लोकांना दिसेल याची अट त्या आकड्यात नाही. झाकल्या भागाचे उत्तरदायित्व येते ते या दाव्यातून.

हा दावा नेमका कशाबद्दल आहे याचा विचार न्यायदर्शन आणि बौद्ध यांच्या जुन्या वादात सापडतो. न्यायसूत्रांत एक पूर्वपक्ष असा आहे: झाड पाहिले असे आपण म्हणतो, पण डोळ्याला दिसते ती झाडाची एक बाजू, तेव्हा झाडाचे ज्ञान प्रत्यक्ष नव्हे, अनुमानच. गौतमाचे उत्तर असे की अवयवांहून वेगळा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, असतो, तो अवयवांत राहतो, आणि काही अवयव दिसले तरी त्यांच्यासह तोही दिसतो. बौद्धांना हा वेगळा अवयवी मान्य नाही. मिलिंद राजाशी बोलताना भिक्षू नागसेन रथाचा एकेक भाग घेऊन विचारतो की रथ तो हाच का, आणि शेवटी राजाच कबूल करतो की भागांच्या आधाराने दिलेले ते एक नाव आहे. किटच्या चौकटींतून तोडलेले भाग टेबलावर पसरले असताना या वादाचा दोन्ही अंगांनी अनुभव येतो. नैयायिकाचे ऐकले तर विमान झाकलेल्या इंजिनातही तितकेच राहते जितके चकचकीत पंखात. नागसेनाचे ऐकले तर विमान हे सगळ्या भागांवर मिळून ठेवलेले नाव असल्याने कोणताही भाग दुसऱ्याहून अधिक विमान ठरत नाही. इतके कडवे विरोधक या एका मुद्द्यावर एकत्र येतात: दिसणारे आणि झाकलेले हा भेद पाहणाऱ्याच्या जागेमुळे पडतो, वस्तूत तो नसतो.

इथे एक खरा आक्षेप उभा राहतो. प्लॅस्टिकचे इंजिन इंजिन नाहीच. ते चालत नाही, तापत नाही. मग आत ठेवलेल्या सोंगाला सत्य कसे म्हणायचे? याचे उत्तर असे की प्रतिकृती मूळ वस्तूची जागा घेत नाही, ती मूळ वस्तूविषयी काही सांगते. पांढरी रेघ म्हणजे ‘मिग-२१च्या फलकावर इथे अशी रेघ होती’ हे विधान. वस्तू जशी आहे तसे तिचे ज्ञान म्हणजे यथार्थ ज्ञान, असे नैयायिक मानतात. विधान यथार्थ आहे की नाही हे वस्तूवरून ठरते. ते कुणी ऐकले की नाही, यावरून ठरत नाही. रिकाम्या सभागृहात दिलेली खरी साक्षही खरीच असते. झाकलेल्या कामाचे मोल इथे आहे. ते पाहणाऱ्याकडून येत नाही आणि करणाऱ्याच्या समाधानातूनही येत नाही. ज्या वस्तूशी ते काम बांधलेले आहे तिच्याशी इमान राखल्याने येते. मीमांसकांचे अदृष्ट मानायचेच तर ते या इमानापुरते मानता येईल, त्यापलीकडे कल्पना लढवण्याची गरज पडत नाही.

आता कर्त्याकडे वळायचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना विनोबांनी बाहेरच्या कर्माला आतून मिळणाऱ्या चित्ताच्या साथीसाठी ‘विकर्म’ हा शब्द वापरला. सानेगुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली. कर्म आणि विकर्म जुळले की कर्माचे ओझे राहत नाही, असे विनोबांचे म्हणणे. झाकलेल्या इंजिनावरचे काम या जुळणीची चांगली कसोटी आहे, कारण तिथे कौतुकाची लालूच नसते. किंवा नसायची, म्हणावे लागेल. हल्ली धड बंद करण्याआधी आतल्या कामाचे मोबाइलवर फोटो काढण्याची रीत पडली आहे. नोंद म्हणून ती उपयोगी आहे, पुढच्या माणसाला त्यातून शिकता येते. पण फोटोसाठीच आत रंग चढू लागला की काम पुन्हा प्रेक्षकाकडे वळते, आणि कॅमेऱ्याच्या कोनात न येणारा कोपरा कोरा राहू लागतो. तो कोपरा कसा राहिला आहे हे फक्त करणाऱ्याला माहीत असते. आसक्तीचा धोका याच्या उलट दिशेला आहे. एका तारेसाठी आठवडे घालवताना घरातल्यांचा वेळ, टेबल आणि श्वास यांवर आक्रमण होत असेल, तर त्याला निष्ठा म्हणता येत नाही. दोन खोल्यांत थिनरचा वास लहान मुलाच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जातो. वस्तूशी इमान राखताना माणसांशी बेइमानी करून चालत नाही, आणि इथे माणसांचा हक्क आधीचा आहे.

विषय लढाऊ विमानाचा असल्याने अहिंसेचा प्रश्नही टाळता येत नाही. दसऱ्याला शस्त्रपूजा करणारा समाज आणि कान्हेरीच्या भिक्षूंना टाकी खोदून देणारा समाज याच भूमीवरचे. १४ डिसेंबर १९७१ रोजी भारतीय मिग-२१ विमानांनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटे डागली आणि पूर्व पाकिस्तानचे सरकार कोसळायला त्याचा हातभार लागला. याच विमानाच्या अपघातांत अनेक तरुण भारतीय वैमानिकही गेले. बाहेरून चकचकीत आणि आतून पोकळ प्रतिकृती या साऱ्याविषयी गप्प बसते आणि शस्त्राचे खेळणे करते. पोटाखालची तोफ, आसनाखालची बाहेर फेकणारी यंत्रणा, गिरकीसाठीची ती रेघ नीट केली, तर हे यंत्र मारण्यासाठी होते आणि त्यात बसणाऱ्यालाही मरणाची शक्यता धरूनच बसावे लागे, हे लपत नाही. तपशील हिंसेचे समर्थन करत नाही, तो तिच्यावरचा मुलामा उतरवतो. तरी प्रतिकृतीत न येणारेही बरेच उरते. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि त्या परत मिळाव्यात म्हणून जून २०१७ मध्येही तिथे उग्र आंदोलन झाले. विमानाखाली जमीन असते आणि ती कुणाची तरी असते, हे १:३२ च्या कोणत्याही किटमध्ये मिळत नाही.

इमान वस्तूशी असेल तर त्याला मर्यादाही वस्तूविषयीच्या माहितीचीच पडते. आतल्या मोकळ्या जागा भरीव दिसाव्यात म्हणून अंदाजाने नळ्या ओढणे, सुटे तुकडे चिकटवणे आणि त्यांवर रंग मारणे ही सवय अनेकांना असते. झाकले जाणार म्हणून ते खपून जाते. पण ते खोटे विधान आहे, आणि कुणी तपासणार नाही एवढ्यामुळे ते खरे होत नाही. हातात छायाचित्र, आराखडा किंवा मूळ विमान पाहिलेल्या माणसाचा शब्द असेल तेवढे करावे. जिथे माहिती संपते तिथली जागा कोरी ठेवून धड बंद करावे.